पुड्या भरायची खोली

सिडकोतून हर्सूलला जायचं तर शहागंजात शिरायची काही गरज नसते. रिक्षावाल्यानं तसं सांगितलंही. आई म्हणाली, "असू द्या. शहागंजातूनच घ्या." मग पांढऱ्या साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेऊन ती बाहेर बघत बसली. आम्ही निर्मलामावशीच्या जलदान विधीला निघालो होतो. मावशी गेल्याचं कळल्यावर मी नांदेडहून आले होते, आणि आल्यापासून आईनं स्वतःहून बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

घड्याळाचा मनोरा दिसायला लागला तशी तिनं रिक्षा थांबवली. गल्लीत शिरलो. पुढच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं, तिथं आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालंय. मागची पत्र्याची लांबट खोली मात्र तशीच उभी होती. दारात कुरिअरचे खोके रचलेले. आत एक तरुण माणूस खोक्यांना चिकटपट्टी लावत बसला होता. पट्टी ओढली की कापड फाटल्यासारखा आवाज व्हायचा.

"क्या होना अम्मा?" त्यानं विचारलं.

"काही नाही बाबा. आम्ही इथं काम करायचो. जरा बघते."

"देखो ना फिर, आओ," म्हणत तो पुन्हा कामाला लागला.

आई आत गेली नाही. उंबऱ्याशीच उभी राहिली. मी मात्र खोल श्वास घेतला. का घेतला ते मला घेतल्यावर कळलं. पुठ्ठ्याचा वास आला, चिकटपट्टीचा आला. बाकी काही आलं नाही. या भिंतींना कधीकाळी हात लावला तरी बोटाला धन्यांचा वास यायचा. मावशी म्हणायची, "ह्या भिंती बी शिंकत असतील गं आपण घरी गेल्यावर."

मराठवाड्याबाहेरच्या माणसांना येसर सांगावं लागतं. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, दगडफूल असं कायकाय वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं, ती पूड म्हणजे येसर. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीला येसराची आमटी लागते. आई ते फार सुरेख करायची. आधी नात्यात दिलं, मग ओळखीत, मग ओळखीच्यांच्या ओळखीत, आणि एके दिवशी बघावं तर आमच्या घराला येसरवाल्यांचं घर म्हणायला लागले होते लोक. हे कसं झालं, कुणी आईला काय सुचवलं, ते मला आठवत नाही. मला आठवते मोठ्या कढईत बाजरी तडतडायची ती सकाळ, आणि मागच्या अंगणात सुपावर वाळत घातलेलं खोबरं, आणि त्याच्यावर टपलेल्या चिमण्या.

निर्मलामावशी पलीकडच्या गल्लीत राहायची. तिची आणि आईची ओळख सार्वजनिक नळावरची. तिच्या घरी कोनाड्यात बुद्धाची मूर्ती असायची, आमच्या घरी देव्हारा होता, आणि आम्हा पोरांना दोन्हीकडं पायातलं काढून आत जायचं एवढंच माहीत होतं. आई भाजायची, मावशी चाळायची, आणि दुपारी दोघी समोरासमोर बसून पुड्या बांधायच्या. आई तिला निर्मला म्हणायची, ती आईला सुमे म्हणायची. वडलांनंतर आईला 'सुमे' म्हणणारं या गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

सुरुवातीला पुड्या कागदाच्या होत्या. आत खाकी कागद, वर वर्तमानपत्र, आणि भोवती पांढरा दोरा. दोऱ्याचं रीळ खिळ्याला टांगलेलं असायचं आणि दोघी आपापल्या बाजूनं ते ओढायच्या, त्यामुळं ते सतत गरगर फिरत राहायचं. मावशी दोरा दातानं तोडायची. आई तिला ओरडायची, कात्री दिलीय ना. मावशी म्हणायची, "दात कशाला दिलेत मंग?"

एकदा आमच्या नात्यातली एक बाई आली. पुडी हातात घेऊन, उलटसुलट करून तिनं विचारलं, "ह्या भरतं कोण?" विचारताना नाक थोडं वर गेलेलं. आई म्हणाली, "मी आणि निर्मला." बाईनं पुडी परत ठेवली. आईनं ती उचलून डब्यात टाकली आणि त्या घरी पुन्हा कधी येसर दिलं नाही. मावशी तेव्हा मागच्या खोलीतच होती. तिनं ऐकलं असणार. दोघी त्यावर एक शब्दही बोलल्या नाहीत, पण त्या दुपारी मावशी जयंतीच्या मिरवणुकीतली गाणी एकामागून एक म्हणत होती, खड्या आवाजात, आणि आई पुड्या बांधता बांधता मान डोलावत होती.

मग प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि मेणबत्तीचे दिवस सुरू झाले.

ते आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पिशवी भरायची, तिचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडायचं आणि दुमडलेली कड मेणबत्तीच्या ज्योतीवरून सर्रकन फिरवायची. प्लास्टिक वितळून चिकटायचं. हात सावकाश फिरला तर पिशवी जळायची, घाईत फिरला तर उघडी राहायची. एव्हाना खोलीत बायका वाढल्या होत्या. शमीमआपा आली होती, शहागंजातल्याच बांगडीवाल्यांच्या घरातली. आणखी दोघीतिघी आसपासच्या. सगळ्या मधे परात ठेवून गोल बसायच्या. भरणाऱ्या एका बाजूला, पात्यावर फिरवणाऱ्या दुसऱ्या बाजूला.

ज्योत विझते म्हणून पंखा लावता यायचा नाही. औरंगाबादचा उन्हाळा, वर पत्रा, आणि खोलीत भर दुपारी पेटलेल्या मेणबत्त्या. बायकांच्या कपाळावरून घाम ओघळायचा, त्यावर येसराची पूड बसायची आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांची तोंडं एकाच रंगाची व्हायची. मेणाचा, तापल्या प्लास्टिकचा, मिरचीचा, माठातल्या वाळ्याचा असा एक मिसळलेला वास त्या खोलीला होता. तो आमच्या कपड्यांत, केसांत, पुस्तकांत मुरलेला असायचा. शाळेत माझ्याशेजारी बसायला कुणी तयार नसे. मावशीच्या लेकीचं, प्रज्ञाचंही तेच. म्हणून आम्ही दोघी एका बाकावर आलो आणि दहावीपर्यंत तिथंच राहिलो.

शाळा सुटली की आम्ही थेट खोलीत. पोत्यांवर आडवं होऊन बायकांचं बोलणं ऐकायचं. त्या खोलीत जे बोललं जायचं ते बाहेर कुठंच बोललं जात नसावं. कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाची राहिलेली आणि न राहिलेली मुलं. एकीचं बोलता बोलता डोळे भरायचे तेव्हा बाकीच्या तिच्याकडं बघायच्या नाहीत. हात चालू ठेवायच्या. ती रडून, नाक पुसून, पुढची पिशवी उचलायची. मला वाटतं तिथं रडणं सोपं होतं, कारण कुणाला त्यासाठी काम थांबवावं लागत नव्हतं.

शमीमआपाचं मराठी आणि तिचं दखनी यांच्यात सीमाच नव्हती. "अरी निर्मला, चटका बैठ्या क्या? फूँक मार, फूँक मार," म्हणत ती स्वतःच मावशीच्या बोटावर फुंकर घालायची. सगळ्यांच्या बोटांना डाग होते. मावशीच्या उजव्या अंगठ्यावर तर कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली होती. ईदला आपाकडून शीरखुर्मा यायचा. बुद्धपौर्णिमेला सगळ्या मावशीकडं खिरीला जायच्या. गौरी जेवायच्या दिवशी सगळ्या आमच्याकडं. आणि खंडेनवमीला करवतीची पाती, तागडी, चाळण्या, कात्री सगळं पाटावर मांडून आई त्यांना झेंडूची फुलं वाहायची. त्या दिवशी मेणबत्त्या लागत नसत. खोली कशी सुनी सुनी वाटायची.

पायाची मशीन आली तेव्हा किती आनंद झाला होता! पाय दाबला की दोन पट्ट्या पिशवीचं तोंड चिमटीत धरायच्या, एक लाल दिवा लागायचा, झालं काम. चटका नाही, धूर नाही. आणि मुख्य म्हणजे पंखा लावता यायला लागला. पहिल्या दिवशी आईनं बटण दाबलं तेव्हा सगळ्या बायका पदर सोडून पंख्याखाली उभ्या राहिल्या. आपा म्हणाली, "अब मरी तो भी गम नई." मावशी पोट धरून हसत होती. मी त्या हसण्यावर अन्याय करणार नाही. आज मागं वळून बघताना प्रत्येक यंत्राला दोष द्यायचा मोह होतो, पण त्या दिवशी आम्ही सगळ्या खरंच खूश होतो.

फक्त बसायची रीत बदलली. मशीनला वायर होती, वायरीला भिंतीतलं बटण लागायचं. त्यामुळं भरणाऱ्या इकडं बसू लागल्या आणि मशीनवाली तिकडं, भिंतीकडं तोंड करून. गोल तुटला. मावशी मशीनवर असायची. ती बोलायची, पण बोलताना तिला मान मागं वळवावी लागायची.

माझं लग्न झालं, मी नांदेडला गेले. त्यानंतरची खोली मला तुकड्यातुकड्यांत आठवते, माहेरपणाच्या सुट्ट्यांमधून. दर खेपेला काहीतरी नवीन असायचं आणि कुणीतरी नसायचं. एका दिवाळीला गेले तर पट्ट्याची मशीन बसली होती. पिशवी एका टोकाला लावली की पट्टा तिला ओढत न्यायचा, चिकटवायचा, वर तारीख उमटवायचा आणि दुसऱ्या टोकाला सोडायचा. त्या मशीनला थांबणं नव्हतं. ती घरघर करत राहायची आणि तिच्यावरून बोलायचं तर ओरडावं लागायचं. ओरडून सुनेची गाऱ्हाणी सांगता येत नाहीत. गाणं तर नाहीच. मावशी मला बघून हसली, हातानं 'बस' म्हणाली, आणि पट्ट्यावर पुढची पिशवी ठेवली.

शमीमआपा कधी गेली ते मला कुणी नीट सांगितलंच नाही. "लेकाकडं गेली जालन्याला," आई म्हणाली. "डोळ्यांनी दिसेना झालं होतं तिला." मग बाकीच्या दोघीतिघी गेल्या. कुणाला कुणी काढलं नव्हतं. काम कमी झालं, रोजच्या ऐवजी दिवसाआड झालं, दिवसाआडचं आठवड्यातून एकदा, आणि मग त्या आपोआप येईनाशा झाल्या. एखाद्या माणसाला निरोप द्यायचा तर तो जातोय हे कळावं तरी लागतं.

विनू, माझा धाकटा भाऊ, याच काळात धंद्यात आला. त्याच्याबद्दल वाईट लिहायला माझी लेखणी वळणार नाही. तो राबला. आईचे गुडघे गेले होते, मोठी दुकानं माल मागत होती, त्यांना पिशवी एकसारखी हवी होती. त्यानं चिकलठाण्याला शेड घेतली. घर सिडकोत हललं. आणि शेडमध्ये ते मोठं यंत्र आलं.

ते माणसापेक्षा उंच होतं. वरच्या नरसाळ्यात येसर ओतायचं. मागं छापील प्लास्टिकचं भलंमोठं रीळ. यंत्र स्वतःच पिशवी बनवायचं, स्वतःच भरायचं, स्वतःच चिकटवायचं आणि कापून खाली टाकायचं. धप्प. धप्प. धप्प. त्याची पूजा विनूनं दसऱ्याला ठेवली होती. मी गेले होते. मावशी आली ती पांढरीशुभ्र साडी नेसून. तिला पुढं विद्यापीठामागच्या लेण्यांवर जायचं होतं, दरवर्षी त्या दिवशी ती जायचीच. पूजेच्या वेळी ती बाजूला शांत उभी राहिली. नारळ फुटला, प्रसाद वाटून झाला. विनू बटण दाबायला पुढं झाला तेव्हा आईनं त्याचा हात धरला.

"थांब. निर्मलाला दाबू दे."

मावशी नाही नाही म्हणत होती. आईनं तिला हाताला धरून आणलं. तो चकचकीत अंगठा बटणावर टेकला आणि यंत्र सुरू झालं. पहिली पुडी खाली पडली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं पहिली पुडी उचलली, उलटीपालटी केली, चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"लई देखणी हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आन् चटका बी बसायचा नाय कुणाला."

सगळे हसले. ती पण हसली. मग पर्स काखेत मारून ती लेण्यांकडं निघून गेली आणि आई कितीतरी वेळ शेडच्या दारात उभी राहिली.

मावशीला शेडवर ठेवायचं हे आईनं विनूला सांगून ठेवलं होतं, आणि विनूनंही ते मानलं होतं. पुड्या खोक्यात रचायचं काम तिला दिलं. डोक्याला जाळीची टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे. उभ्यानं करायचं काम होतं. शेजारची पोरं कानात गाणी लावून काम करायची. पुढच्या माहेरपणाला मी शेडवर गेले तेव्हा मला सगळी माणसं सारखीच दिसली. त्यातली एक मावशी आहे हे तिनं मास्क खाली केल्यावर कळलं. "इथं वासच येत नाय गं पोरी," ती माझ्या कानाशी म्हणाली. "एवढं येसर भरतंय दिवसभर, आन् नाकाला पत्ताच नाय."

त्याच दिवशी कुठल्याशा मोठ्या दुकानाचे लोक शेड बघायला आले होते. विनू त्यांना फिरवत होता, आई बरोबर होती. मावशीपाशी आल्यावर त्यांच्यातल्या एकानं सहज विचारलं, "काय मावशी, कसं वाटतं काम?" मावशी म्हणाली, "चांगलं हाय साहेब. मॅडम लई चांगल्या हायेत."

मी आईकडं पाहिलं. तिचा चेहरा पडला. शेडमधली सगळी पोरं तिला मॅडमच म्हणायची, मावशीनं परक्या माणसांसमोर तेच म्हटलं, त्यात मावशीचं काय चुकलं? तिनं आईचा मान राखला होता. पण घरी आल्यावर आई जेवली नाही. "मला मॅडम म्हणाली ती," एवढंच म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी यायची थांबली. पाय दुखतात असा निरोप आला होता. आई म्हणाली, येईल उद्या-परवा. मग म्हणाली, जाईन मी भेटायला. पण गेली नाही. खोक्यात पुड्या रचायलाही पुढं यंत्रच आलं. मावशी प्रज्ञाकडं हर्सूलला राहायला गेली. आई त्या बाजूला निघाली तर रिक्षावाल्याला दुसरा रस्ता घ्यायला सांगायची. शेडवर जाणंही तिनं सोडलं. ती टीव्हीसमोर बसायची, मांडीवर दोन्ही हात पालथे ठेवून. ते हात बघवायचे नाहीत. मी फोनवर विचारायचे, काय करतेस? ती म्हणायची, "काही नाही. बसलेय."

वर्षं गेली अशी. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी प्रज्ञाचा मला फोन आला. "आई फार खंगलीय गं. झोपेत बडबडते. कालपासून सारखं 'सुमी आली का' विचारतेय." मी दुसऱ्या दिवशी निघाले. सिडकोतून आईला बरोबर घेतलं, वाटेत काही सांगितलं नाही, नुसतं चल म्हणाले. हर्सूलला उतरल्यावर तिला कळलं. रस्त्याच्या कडेला ती थांबली. वाटलं, परत फिरते की काय. मग तिनं माझा दंड पकडला आणि चालायला लागली.

मावशी पलंगावर उशीला टेकून बसली होती. अंगात काही उरलं नव्हतं, नुसते डोळे. दारात आई उभी.

"सुमे?" मावशी म्हणाली. "आत ये की. उंबऱ्यात काहून थांबली?"

आई जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. "यायला पाहिजे होतं मी," ती म्हणाली. "लाज वाटली गं मला."

"कशाची लाज?"

आई पलंगावरची चादर नीट करू लागली. मावशी तिच्याकडं बघत राहिली आणि मग अगदी सहज म्हणाली, "म्या बी नाय आले. मला वाटलं, तिथं आता माझं काम नाय. काम नाय तर जायचं कशाला? आन् येऊन करायचं काय होतं सुमे? काम नसताना भेटायची सवयच नव्हती आपल्याला."

इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते दोघींनाही कळत नव्हतं. आई पदराचं टोक पिळत होती. मावशी गोधडीचा धागा ओढत होती. प्रज्ञा आतून आली. तिनं एकदा दोघींकडं पाहिलं, परत आत गेली आणि भुईमुगाच्या शेंगांची टोपली आणून दोघींच्या मधे ठेवली. "जरा फोडून द्या गं," म्हणाली. "चटणी करायचीय."

आईनं एक शेंग उचलली. मावशीनं एक उचलली. पहिली फुटली, दुसरी फुटली, आणि मग कुणीतरी बोललं. कोण ते माझ्या लक्षात नाही. मी आणि प्रज्ञा आत ओट्याशी उभ्या होतो आणि बाहेरून त्यांचे आवाज येत होते, सावकाश, न थांबता. शमीमआपाचं निघालं. वारलेल्यांचं निघालं. मधेच आईचा रडण्याचा आवाज आला आणि शेंगा फुटायचा आवाज चालूच राहिला. प्रज्ञानं माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघी बाहेर गेलो नाही.

सगळा हिवाळा आई हर्सूलला जात राहिली. कधी मेथीची जुडी घेऊन जायची, कधी हरभऱ्याचा ढाळा, कधी नुसत्या चिंचा, शिरा आणि चिंचोके काढायला. मावशीच्या बोटांत जोर राहिला नव्हता. तिच्या वाटणीचं आई करायची, पण तिच्यापुढं थोडं ठेवायची. मावशीनं अंथरूण धरलं तेव्हाही आई उशाशी बसून काही ना काही निवडत असायची. शेवटच्या दिवशीसुद्धा ती तिथंच होती. मला फोन आईनंच केला. "निर्मला गेली," म्हणाली. आवाज कोरडा होता. जणू तिचं सगळं रडून आधीच झालं होतं, त्या शेंगांच्या टरफलांत.

कुरिअरवाल्यानं शेवटचं खोकं बंद केलं आणि आमच्याकडं पाहून विचारलं, "हो गया अम्मा?" आई म्हणाली, "हो बाबा." आम्ही रिक्षात बसलो. दिल्ली दरवाजातून बाहेर पडलो तसा आईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि हर्सूलपर्यंत तसाच ठेवला.

घरासमोर मांडव होता. बरीच माणसं होती, बहुतेक पांढऱ्या कपड्यांत. विनू शेडवरून परस्पर आला होता, कडेला उभा होता. वंदना झाली. त्रिशरण, पंचशील झालं. मग आदरांजली वाहायला एकेक जण उठू लागला. मावशीचा पुतण्या बोलला, शेजारचे एक गुरुजी बोलले, महिला मंडळातल्या एक बाई बोलल्या. मला कळलं की मावशी इथंही बायकांना गाणी शिकवायची. मला ते माहीत नव्हतं, आईलाही नसावं. मग माइक हातात असलेल्या पोरानं कुणाला तरी काही विचारलं आणि जाहीर केलं, "आता निर्मलाताई ज्यांच्याकडं अनेक वर्षं कामाला होत्या, त्या येसर उद्योगाच्या मालकीणबाई दोन शब्द बोलतील."

आई सभेत कधी बोललेली नाही. मी तिला खुणेनं सांगत होते, नको बोलूस, राहू दे. विनू पुढं झाला, तिच्याऐवजी बोलायला. पण आई उठली. गुडघ्यावर हात रेटून, कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन उठली. पोरानं माइक तिच्या तोंडाशी धरला. तिचा श्वास माइकमधून सगळ्यांना ऐकू आला.

"मालकीण नाही," ती म्हणाली. मग तिनं पदर खांद्यावर नीट घेतला.

"मी निर्मलासंगं पुड्या भरायला बसायचे," ती म्हणाली, आणि माइक हातानं बाजूला सारला.

ती माझ्याकडं परत आली नाही. पुढं सतरंजीवर मावशीच्या ओळखीतल्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींना रेटून थोडी जागा केली आणि आई त्यांच्यात जाऊन बसली.